वजनाचा लिलाव

छापील अंकातली जाहिरात सगळ्यांना सारखीच दिसते. या दिवाळी अंकाचं मलपृष्ठ साताऱ्यात जे आहे, तेच सॅन होजेतल्या मराठी घरातही. फोनवर तसं नसतं. आपण पान उघडायला बोट टेकवतो आणि ते पान पडद्यावर उतरायच्या आत एक लिलाव होऊन गेलेला असतो. बघणारा साधारण किती वर्षांचा, कुठल्या गावचा, गेल्या आठवड्यात त्याने काय शोधलं, कुठल्या चित्रापाशी रेंगाळला, अशी एक चिठ्ठी बोली लावणाऱ्यांपुढे जाते. ज्याची बोली चढी, त्याची जाहिरात. सगळा कारभार सेकंदाच्या आत उरकतो आणि त्यात माणूस कुठेच नसतो.

आता समजा, पडद्यापुढे एकोणीस वर्षांची मुलगी आहे. अ‍ॅनोरेक्सियातून म्हणजे वजनाच्या भीतीने खाणंच तोडून टाकणाऱ्या आजारातून हळूहळू बाहेर येतेय. आईने वजनकाटा माळ्यावर टाकलाय, डॉक्टरांनी तीन जेवणं आणि मधली तीन खाणी ठरवून दिली आहेत. ती आलीय तिच्यासारख्याच मुलामुलींनी चालवलेल्या एका ऑनलाइन गटात. तिथले नियम कडक: वजनाचा आकडा लिहायचा नाही, कॅलरीचा नाही, आजारपणातले फोटो टाकायचे नाहीत. ती लिहिते, आज वरणभातावर तूप घेतलं. खाली दहाजण शाबासकी देतात. आणि त्या शाबासकीच्या मधोमध एक चौकट उघडते: एकवीस दिवसांत सपाट पोट. शेजारी आधीचा आणि नंतरचा फोटो.

ही चौकट तिथे कोणी दुष्टपणे चिकटवलेली नसते, हेच या प्रकरणातलं सगळ्यात अवघड कलम आहे. दुष्ट माणूस असता तर त्याला पकडता आलं असतं.

हे सुरू झालं ते शब्दांवरून. गूगलची अ‍ॅडसेन्स योजना २००३ साली आली. पानावरचे शब्द वाचायचे आणि त्यांच्याशी जुळणारी जाहिरात लावायची, एवढीच तिची अक्कल. ट्रेकिंगवरच्या पानावर बुटांची जाहिरात, बाळंतपणावरच्या पानावर लंगोटांची. कोणाची तक्रार असायचं कारण नव्हतं. पण जिथे आजारातून उठणारी माणसं लिहितात, तिथे पानभर ‘वजन’, ‘खाणं’, ‘भूक’, ‘डाएट’ हेच शब्द असणार. वजनाच्या विळख्यातून सुटायची धडपड आणि वजन घटवायची हौस, दोन्हींचा शब्दकोश यंत्राच्या लेखी एकच. शिवाय असे गट चालवणारे बहुतेक जण स्वयंसेवक. सर्व्हरचं भाडं परवडत नाही म्हणून फुकटच्या जागेवर बिऱ्हाड थाटतात, आणि फुकट जागा म्हणजे भाडं जाहिरातीतून. अ‍ॅडसेन्समध्ये वजनघटीच्या जाहिरातींचा अख्खा प्रकार बंद करायची सोय आहे, पण ती किल्ली ज्याचं खातं त्याच्याकडे. फुकटच्या जागेत राहणाऱ्या बिऱ्हाडकरूला ती मिळत नाही. परिणामी, रात्री जागून दुसऱ्याच्या लिखाणातला एकेक आकडा खोडणाऱ्या मुलीला त्याच पानावरच्या जाहिरातीतले आकडे खोडता येत नाहीत.

पुढे यंत्र पानाऐवजी माणूस वाचायला लागलं, तेव्हा प्रकरण जास्त चिघळलं. ते कसं, हे कळायला आजाराबद्दल थोडं सांगायला हवं. आपल्याकडे याला अजूनही पोरींचे नखरे समजलं जातं.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. युद्धाला तात्त्विक विरोध असलेले ३६ धडधाकट तरुण त्यात स्वखुशीने सामील झाले. त्यांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. उपाशी युरोपला पुन्हा जेवायला कसं घालायचं, हे शिकायचं होतं. वजन उतरलं, ते अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हतं ते डोक्यात झालेलं. ही माणसं दिवसरात्र अन्नाविषयी बोलू लागली, पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, ताटातला घास तासभर पुरवून खाऊ लागली. एरवी स्वयंपाकघरात न फिरकणारे तरुण पदार्थांची वर्णनं वाचत बसू लागले. अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णाच्या आईला यातलं काहीही नवं वाटणार नाही. घरादाराला केक करून घालणारी आणि स्वतः चमचाही न चाटणारी मुलगी तिने पाहिलेली असते. उपाशी मेंदू अन्नाकडेच टक लावून बसतो.

आता या मेंदूच्या हातात फोन द्या. तो पाककृती बघणार, डाएटचे व्हिडिओ बघणार, स्वतःसारखी शरीरं शोधणार आणि प्रत्येकापाशी थांबणार. त्या थांबण्याला यंत्र ‘रस’ म्हणतं. ज्या चित्राने दुखतं त्याच्याकडेही आपण जास्त वेळ बघतो, ही साधी गोष्ट मोजमापात कुठेच येत नाही. जाहिरातदाराच्या हिशेबात ही मुलगी सर्वोत्तम गिऱ्हाईक ठरते: विषयात गुंतलेली, रोज येणारी, रात्री दोनलाही जागी.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतल्या लिझा गाक, सेयी ओलोजो आणि निलोफर सालेही यांनी २०२२ मध्ये नेमकं हेच तपासलं. खाण्याच्या विकारातून गेलेल्या लोकांशी त्या बोलल्या, त्यांच्या पडद्यावर येणाऱ्या वजनघटीच्या जाहिराती पाहिल्या. लोकांनी सांगितलं ते असं की, या जाहिराती आधीच असलेली भीती आणखी पक्की करतात आणि लपवल्या, तक्रार केली, तरी पाठ सोडत नाहीत. एक बंद करावी तर तिच्याच गोत्रातली दुसरी हजर. माझ्या मते या अभ्यासातली सगळ्यात बोचरी गोष्ट हीच आहे, की जाहिरात टाळायची मेहनत पेशंटच्या गळ्यात पडते. लपव, ब्लॉक कर, खातं बदल, फोन ठेवून दे. ज्याला दिवसातून सहा वेळा ताटासमोर बसायला सगळी ताकद लागते, त्याच्यावर ही वरकड ड्युटी.

वजनघटीची जाहिरात हल्ली ‘वजनघट’ असं म्हणतही नाही, त्यामुळे तर चाळणीत काहीच अडकत नाही. फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाच्या नियमांनुसार वजन कमी करण्याच्या वस्तूची जाहिरात अठरा वर्षांखालच्यांना दाखवता येत नाही, आणि ‘तू जाड आहेस’ असं बघणाऱ्याच्या अंगावर येणारं वाक्य चालत नाही. म्हणून मग ‘डिटॉक्स’ येतं, ‘हार्मोन बॅलन्स’ येतं, ‘गट हेल्थ’ येते, ‘पीसीओडी असलेल्या ताईंसाठी खास’ येतं. ताई म्हणून हाक मारली की नियमही विरघळतो.

माहिती गळते कुठून, हा प्रश्न उरतोच. एखादीचं दुखणं जाहिरातदाराला कळतं कसं? पुष्कळदा मदत मागतानाच. ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या बेटरहेल्प या अमेरिकी कंपनीने नाव नोंदवताना लोकांना त्यांच्या मनःस्थितीबद्दल प्रश्न विचारले, उत्तरं गुप्त राहतील असं सांगितलं आणि ग्राहकांची माहिती फेसबुक, स्नॅपचॅट, पिंटरेस्ट वगैरेंना जाहिरातीसाठी दिली, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. मार्च २०२३ मध्ये ७८ लाख डॉलरवर तडजोड झाली. कंपनीने गुन्हा कबूल केला नाही. त्याच्या वर्षभर आधी याच कमिशनने वेट वॉचर्सच्या ‘कर्बो’ या अ‍ॅपला १५ लाख डॉलरचा दंड लावला होता. हे अ‍ॅप मुलांसाठी होतं, अगदी आठ वर्षांच्या. पदार्थांना ट्रॅफिक सिग्नलचे रंग: हिरवं खा, लाल टाळ. आईबापांची रीतसर परवानगी न घेता मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल दंड तर झालाच, पण त्या माहितीवर शिकवलेले अल्गोरिदमही मोडून टाका, असा आदेश निघाला. दुसरीतल्या पोराला लाल दिवा दाखवून जिलबीपासून हुसकावणाऱ्या त्या अ‍ॅपवर कारवाई झाली ती मात्र माहितीच्या कायद्याखाली. त्या लाल दिव्याविरुद्ध कायदा नव्हता.

ब्रिटनमधल्या प्रायव्हसी इंटरनॅशनल या संस्थेने २०२१ मध्ये डाएट कंपन्यांच्या ‘तुमच्यासाठी योग्य योजना कोणती?’ छापाच्या प्रश्नावल्या उघडून पाहिल्या. उंची, वजन, कशाने उदास वाटतं, शेवटचं स्वतःवर खूश कधी होतात, असलं काय काय विचारतात. आणि भरलेली माहिती तिसऱ्याच कंपन्यांकडे जाते. माणूस पुढे काही विकत घेवो न घेवो.

मोठ्या कंपन्यांना हे ठाऊक नव्हतं असं म्हणायला आता जागा नाही. २०१७ च्या मे महिन्यात ‘द ऑस्ट्रेलियन’ या वृत्तपत्राने फेसबुकचा एक अंतर्गत दस्तऐवज छापला. किशोरवयीन मुलांना असुरक्षित, कवडीमोल वाटतंय ते क्षण ओळखता येतात, असं त्यात जाहिरातदारांना सांगितलेलं होतं. भावनांवरून जाहिरात दाखवायची सोय आपण देत नाही, असा खुलासा कंपनीने केला. २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन यांनी बाहेर आणलेल्या कागदपत्रांत कंपनीचंच संशोधन निघालं: आधीच शरीराबद्दल वाईट वाटत असलेल्या मुलींपैकी ३२ टक्के म्हणाल्या की, इन्स्टाग्रामने ते आणखी वाढवलं. मग एप्रिल २०२५ मध्ये फेसबुकच्या माजी अधिकारी सारा विन-विल्यम्स यांनी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली की, तेरा ते सतरा वर्षांच्या मुलीने स्वतःचा काढलेला फोटो पुसला, तर सौंदर्यप्रसाधनाची जाहिरात दाखवायला तो मोका समजला जाई. मेटाने हेही नाकारलं. खरं-खोटं काहीही असो. पण ‘फोटो पुसला’ हे मोजायची कल्पना एखाद्याच्या डोक्यात येऊ शकते, एवढ्यानेच माझ्या अंगावर काटा आला.

नाकारण्यामागे पैसा किती आहे, हेही बघू. हार्वर्डच्या संशोधकांनी २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेला अंदाज असा की, समाजमाध्यमांनी २०२२ या एका वर्षात अमेरिकेतल्या अठराखालच्या मुलांकडून जवळजवळ ११०० कोटी डॉलर जाहिरातींपोटी मिळवले. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉयटर्सने मेटाच्या कागदपत्रांवरून दिलेली बातमी तर डोळे पांढरे करणारी होती: २०२४ च्या उत्पन्नातला दहाएक टक्के हिस्सा फसव्या आणि बंदी असलेल्या मालाच्या जाहिरातींतून येईल, असा कंपनीचा स्वतःचाच अंदाज होता. जाहिरातदार लबाड असल्याची ९५ टक्के खात्री पटली तरच त्याला बाहेर काढायचं; नुसता संशय असेल तर त्याच्याकडून जास्त दर घ्यायचा. आपल्याकडे चोरीचा माल घेणारा सराफही असा उघड हिशेब वहीत लिहून ठेवत नाही.

बरं होण्याच्या जागा स्वतः किती कंगाल असतात, याचं एक उदाहरण गाजलं. अमेरिकेत खाण्याच्या विकारांवर काम करणारी ‘नेडा’ ही सगळ्यात मोठी संस्था. तिची हेल्पलाइन दोन दशकांहून जास्त चालली. २०२३ मध्ये, तिथल्या कर्मचाऱ्यांनी युनियन केल्यानंतर थोड्याच काळात, संस्थेने ती बंद करायचं ठरवलं आणि ‘टेसा’ नावाच्या चॅटबॉटकडे लोकांना वळवलं. मे महिन्याच्या अखेरीस काही जणींनी टेसाशी झालेलं संभाषण जगापुढे ठेवलं. खाण्याच्या विकारासाठी मदत मागणाऱ्या बाईला टेसा वजन कसं उतरवायचं ते शिकवत होती. रोज इतक्या कॅलरी कमी करा, आठवड्याला वजन करा. (आकडे मी मुद्दाम गाळले आहेत. हा लेख कोणाच्या हाती पडेल ते सांगता येत नाही.) संस्थेने टेसाला तातडीने बंद केलं. मुळात संशोधकांनी ती ठरलेल्या उत्तरांची, सुरक्षित अशी बनवली होती. पुढे तिला चालवणाऱ्या कंपनीने तिच्यात नव्या प्रकारची बोलकी बुद्धी घातली आणि ती इंटरनेटच्या भाषेत बोलायला लागली. इंटरनेटची भाषा म्हणजे काय, ते वीस वर्षांच्या जाहिरातींनी आधीच ठरवून ठेवलं होतं. त्यामुळे ही नुसती तंत्रज्ञानाची चूक आहे असं मला वाटत नाही. टेसाला कोणी जाहिरात करायला सांगितली नव्हती, तरी तिच्या तोंडून जाहिरातच बाहेर पडली.

हे सगळं गोऱ्यांचं दुखणं, आपल्याकडे कुठे, असं म्हणणाऱ्यांसाठी फिजी बेटांची गोष्ट पुरेशी आहे. तिथे भरलेलं अंग म्हणजे खात्यापित्या घरचं लक्षण. नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर यांनी तेव्हा आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन आटोक्यात ठेवायला ओकारी काढणारी एकही मुलगी १९९५ मध्ये नव्हती. तीन वर्षांनी ११.३ टक्के होत्या. त्या टीव्हीवर एकच एक वाहिनी होती. मुलीगणिक वेगळी जाहिरात दाखवायची अक्कल तिला नव्हती.

आता आपल्या घरात येऊ. लक्ष्मीपूजन आटोपतं न आटोपतं तोच ‘फराळाचे किलो उतरवा’ सुरू होतं. तुळशीचं लग्न लागलं की ‘लग्नाआधी दहा किलो’. परवा अशाच एका मराठी जाहिरातीखाली ‘ही जाहिरात मला का दिसतेय?’ यावर मी बोट ठेवलं. उत्तर आलं: तुमचं वय अठराच्या पुढे आहे आणि तुम्ही महाराष्ट्रात आहात. बस. पुण्याच्या रस्त्यावर कोणालाही अडवून हेच उत्तर देता येईल. जाहिरातीत एक काढा होता, पोटाचे दोन फोटो होते, डॉक्टरांचा पांढरा कोट घातलेला एक गृहस्थ होता आणि खाली व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. काढ्यात काय आहे, हे कुठेच नव्हतं.

गंमत अशी की, हे बेकायदा ठरवणारा कायदा आपल्याकडे सत्तर वर्षांपासून आहे. १९५४ च्या ‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज’ कायद्याच्या परिशिष्टात ज्या दुखण्यांवर औषधाची जाहिरात करायला मनाई आहे, त्यांत लठ्ठपणाचं नाव स्पष्ट आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. कायदा झाला तेव्हा भिंतीवर चुन्याने रंगवलेल्या जाहिराती असत. इन्स्पेक्टरला त्या दिसत तरी. फोनवरची जाहिरात ज्याच्यासाठी बनवली त्यालाच दिसते. अन्न आणि औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्याच्या फोनवर ती उगवायची शक्यता फार कमी, कारण लिलावात त्याच्यावर बोली लावायला कोणी येत नाही.

त्यात वजन उतरवणारी इंजेक्शनं आली. माउंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, वेगोव्ही जूनमध्ये. औषधं खरी आहेत, मधुमेह आणि स्थूलतेच्या रुग्णांना त्यांचा उपयोग आहे, यावर माझा वाद नाही. पण चिठ्ठीवर मिळणारं औषध जनतेत जाहिरातीने खपवता येत नाही, म्हणून नाव न घेता ‘लठ्ठपणा हा आजार आहे, डॉक्टरांशी बोला’ अशी जागृती सुरू झाली. ब्रिटनमध्येही अशा औषधांच्या जाहिरातीला बंदी आहे. तिथल्या जाहिरात नियामकाने जुलै २०२५ मध्ये एका दमात नऊ जाहिरातींविरुद्ध निकाल दिले. आपल्याकडे वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. त्यानंतर देशी कंपन्यांना तेच औषध विकायला मोकळीक. भूक मारणारं इंजेक्शन भुकेशी भांडणाऱ्या मुलीच्या पडद्यावर येऊ नये, याची तजवीज कोणी केलीय, असं दिसत नाही.

मुंबईतली आस्की, म्हणजे जाहिरात क्षेत्राने १९८५ मध्ये स्वतःवर नेमलेली पंच संस्था, मनात आणलं तर काय करू शकते, ते २०१४ मध्ये दिसलं होतं. गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिरातीत सावळ्या मुलीला दुःखी, नापास, बिनलग्नाची दाखवायचं नाही, असा नियम तिने केला. क्रीम विकणं थांबलं नाही, पण नकार मिळालेली ती सावळी मुलगी पडद्यावरून गेली. जाड मुलीच्या बाबतीत तेवढंही झालेलं मला दिसत नाही. २०२३ पासून आरोग्यावर बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरने आपलं शिक्षण सांगायला हवं, असा नियम आहे. ‘सर्टिफाइड वेलनेस कोच’ एवढं सांगून तो पाळला जातो. आणि दिवाळी अंकवाल्यांनी फार साळसूदपणा आणू नये. कंबर बारीक करणाऱ्या पट्ट्यांनी आपलीही पानं पोसली आहेत.

उपाय नाही असं नाही. पिंटरेस्टने जुलै २०२१ मध्ये वजनघटीच्या सगळ्या जाहिराती बंद केल्या: आधी-नंतरचे फोटो नाहीत, भूक मारणाऱ्या गोळ्या नाहीत, वजन उतरल्याची प्रशस्तिपत्रं नाहीत. नियम सगळ्यांना, पेशंट कोण आणि कोण नाही हे न विचारता. कंपनी बुडाली नाही. गूगलने २०२२ मध्ये वेगळी वाट धरली: आपल्या खात्यात शिरा, जाहिरातींच्या सेटिंगमध्ये जा, संवेदनशील विषयांत ‘वजनघट’ शोधा आणि ते बंद करा. जुगार आणि दारूच्या रांगेत आता वजनही आहे, ही त्यातल्या त्यात समजूतदार गोष्ट. तुमच्या घरात असं कोणी असेल, तर आज हे करून टाका, आणि त्याच्याच नव्हे, घरातल्या सगळ्यांच्या फोनवर. बोलायला माणूस हवा असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर आहे, मराठीतही बोलता येतं.

पण ते बटण दाबायला खातं हवं. म्हणजे वजनाच्या जाहिरातीने आपल्याला त्रास होतो, हे त्या मुलीने आधी जगातल्या सगळ्यात मोठ्या जाहिरात कंपनीला नावानिशी कळवायचं. आणि तेवढं करून कंपनी आश्वासन देते ते या जाहिराती कमी दिसतील, इतकंच.